श्रीपाद, तुझा संसार कुठल्या भाषेत होता?

श्रीपाद,

फरीदाबादच्या स्मशानात पावती फाडणाऱ्या माणसाने टीचरना विचारलं, "माताजी, आप इनकी कौन लगती हैं?" एकाच शब्दाचे भाषाभाषांतले अर्थ सांगून समोरच्याला झोप आणणाऱ्या माणसाची ही बाई, आणि तिला त्या वेळी एक शब्द सापडेना. मागे दुसरी तिरडी येऊन थांबली होती. टीचरनी पदर खांद्यावर ओढून घेतला आणि म्हणाल्या, "पड़ोसी."

मी बाजूलाच उभा होतो. हातात तुपाचा डबा, आणि तोंडात नेहमीप्रमाणे काहीतरी बोलायचं तयार. पण तोवर त्या माणसाने ते लिहून टाकलं होतं आणि पेनचं टोपणही लावलं होतं. मग नाशिकहून निघालेला तुझा भाऊ अरविंद विमानतळावरून थेट तिथे पोचला. त्याने अग्नी दिला. टीचर सोसायटीतल्या बायकांच्या रांगेत मागे उभ्या होत्या. कुणाच्या तरी आजोबांच्या वेळी त्या उभ्या राहिल्या असतील, तशाच.

तेव्हापासून मी तुझ्यावर चिडलेलो आहे. मेलेल्या माणसावर चिडायला सोपं, तो उलट बोलत नाही, असं मला वाटायचं. तुझ्या बाबतीत तेही खरं नाही. मी मनात एखादी शिवी उच्चारली की तू मनातच तिची व्युत्पत्ती काढून बसतोस.

आपली ओळखसुद्धा माझ्या फजितीतूनच झाली होती. मी पुण्याहून बदली होऊन दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयाच्या हिशोब शाखेत नवा आलो होतो. हिंदी येते असा माझा समज होता, कारण सिनेमे पाहिले होते. साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि म्हणालो, "सर, आज हाफ डे चाहिए. मेरा संसार ट्रक में आ रहा है."

साहेबांनी चष्मा काढला. "पूरा संसार?"

"नहीं सर, थोड़ा पुणे में छोड़ दिया. पुराना हो गया था."

बाहेरचा अख्खा सेक्शन टेबलावर डोकी ठेवून हसत होता. मला वाटलं, इथल्या लोकांना बदलीचं दुःख ठाऊक नसावं. तेवढ्यात शब्दावलीच्या शाखेतला एक किडकिडीत माणूस माझ्याजवळ आला आणि मराठीत म्हणाला, "अहो, इकडे संसार म्हणजे जग. तुम्ही साहेबांना सांगितलंत की जग ट्रकमधून येतंय, आणि त्यातला जुना भाग पुण्यात टाकून दिलाय."

तो तू होतास. संध्याकाळी तू माझा संसार उतरवायला क्वार्टरवर आलास. मंगलने पाट्याचं टोक तुझ्या पायावर सोडलं तरी तू तिला वहिनीच म्हणालास. मग गादीच्या वळकटीवर बसून कपबशा सापडेपर्यंत तू आम्हाला पहिलं व्याख्यान दिलंस. सम् उपसर्ग, सृ धातू. सृ म्हणजे सरणं, वाहणं, पुढे जाणं. संस्कृतात संसार म्हणजे जन्मामागून जन्म फिरत राहणं, त्यातून सुटायचं असतं. हिंदीने त्याचं जग केलं. आपण मराठी माणसांनी त्याची भांडीकुंडी केली. बंगाली माणसानेही त्याला घरातच आणून बसवलं. "आपण आणि बंगाली," तू म्हणालास, "मोक्षाच्या आड येणारी गोष्ट दोन खोल्यांत मावेल एवढी केली. हा केवढा शोध आहे!"

मंगल आतून म्हणाली, "दोन खोल्यांत कुठे मावतोय? पिंप अजून जिन्यातच आहे."

या सगळ्या भाषा तुला कुणी शाळेत शिकवल्या नव्हत्या. विद्यापीठात असताना तू इथेच दिल्लीत मुनिरक्याला गच्चीवरच्या खोलीत राहायचास. नळ एक, संडास एक, आणि रांगेत अख्खा आशिया खंड. तिथल्या तमिळ मुलाने तुला सांगितलं की त्याच्या गावी 'संसारम्' म्हणजे बायको. पाली शिकायला आलेला एक थाई भिक्खू होता. तुला ताप आला तेव्हा तो गरम पाण्याची बादली घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, त्याच्या भाषेत हाच शब्द 'सोङसान' झालाय, त्याचा अर्थ कीव, दया. आणि तो इंडोनेशियाचा मुलगा, घरमालकाने त्याचं सामान बाहेर काढल्यावर जिन्यात बसून एकच शब्द म्हणत होता, 'सङसारा'. म्हणजे हाल, यातना. तू त्याचं सामान आपल्या खोलीत आणलंस, आणि मग, तुझ्या स्वभावाप्रमाणे, त्याला त्या शब्दाचं मूळ समजावून सांगितलंस. बिचाऱ्याचे हाल आणखी वाढले असणार.

मल्याळम तुझ्याकडे उशिरा आली. म्हणजे अन्नम्मा टीचर आल्या.

फरीदाबादला तू फ्लॅट घेतलास तेव्हा समोरच्या दारात त्या राहत होत्या. शाळेत भूगोल शिकवायच्या. तू पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलास तो म्हणे विरजण मागायला. मी विचारलं, "दही तुला आवडत नाही ना?" तू म्हणालास, "अरे, विरजणाला मल्याळममध्ये काय म्हणतात ते विचारायचं होतं." मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण माझी ओळखायची रीत वेगळी. काही महिन्यांनी तुझ्याकडे आलो तर समोरच्या दारातून त्या फोनवर बहिणीशी बोलताना ऐकू आल्या. दर दोन शब्दांआड 'संसारि-' असं काहीतरी, मध्येच तुझं नाव, आणि हसणं. मी दारातूनच परत फिरलो, कोपऱ्यावरून पेढे आणले आणि दोघांच्या पुढ्यात ठेवून म्हणालो, "अभिनंदन! हमें बताया भी नहीं! संसार शुरू कर दिया!"

टीचर तुझ्याकडे बघायला लागल्या. तू छताकडे. मग तू खाकरलास आणि म्हणालास, "बाळ्या, मल्याळममध्ये संसारम् म्हणजे बोलणं. गप्पा. बहिणीला ती सांगत होती की समोरचा माणूस फार बोलतो."

जमिनीने मला पोटात घ्यावं असं वाटलं. पण टीचरनी एक पेढा उचलला, अर्धा तुझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "बालसाब लाए हैं तो खाना पड़ेगा." तू खाल्लास. माझ्या दृष्टीने तुमचं लग्न तिथेच लागलं. साक्षीदार मी आणि पेढ्याचा पुडा.

त्यानंतर किती वर्षं गेली, तूच मोज. फ्रिज तुझ्याकडे, गॅस त्यांच्याकडे. इस्त्री तुझ्याकडे, शिलाई मशीन त्यांच्याकडे. संध्याकाळचं जेवण तिकडे, बातम्या इकडे. माझी मुलगी दिल्लीत वाढलेली, तिचं मराठी म्हणजे दुधात पाणी. तू तिला पाढ्यांसारखे शब्द शिकवायचास, आणि 'लगबग', 'हुरहूर', 'कानोसा' असा एकेक शब्द नीट वापरला की टीचर तिला केळ्याच्या चिप्स द्यायच्या. आज ती गुडगावच्या ऑफिसात दिवसभर इंग्रजीत भांडते, पण तू गेल्याचं कळलं तेव्हा फोनवर म्हणाली, "पप्पा, मला खूप हुरहूर लागलीय." शब्द थोडा चुकला. पण तो तिच्याजवळ होता, ही तुझी कमाई. यासाठी मी तुझा जन्मभर ऋणी आहे. हे लिहून ठेवतो, कारण पुढे पुन्हा भांडायचं आहे.

भांडण जुनंच. तू नाशिकला सांगत का नव्हतास?

आधी तू म्हणायचास, आई आहे तोवर नको. टीचर ख्रिस्ती, आईचं सोवळं कडक, तिला शेवटच्या दिवसांत हे ओझं कशाला. आई गेली. मग तू म्हणालास, अरविंदच्या मुलीचं लग्न होऊन जाऊ दे. ते झालं. तिला मुलगा झाला, त्याच्या बारशाला तू एकटाच जाऊन आलास. कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनाच्या कँटीनमध्ये आपली शनिवारची मिसळ खाताना मी विषय काढला तर तू पाव मोडत म्हणालास, "सांगायला हरकत नाही रे. पण कुठला शब्द वापरू?"

"बायको म्हण."

"लग्न कुठे झालंय?"

"मग लग्न कर. कोर्टात जा. मी सही करतो."

"ती म्हणते, कोर्टातलं लग्न तिच्या देवाला दिसत नाही. चर्चमध्ये करायचं तर मला नाव बदलावं लागेल. या वयात दोघांच्या देवांना कोण समजावणार?"

"मग मैत्रीण म्हण."

"मैत्रीण? साठी उलटल्यावर? आणि मैत्रिणीच्या घरी गॅस असतो का आपला?"

"मग नुसतं सांग, आम्ही एकत्र राहतो."

"राहतो कुठे एकत्र? मध्ये जिना आहे."

असा तू. आणि मग हळूच गाडी धातूवर. "मूळ बघ बाळ्या. सम् आणि सृ. बरोबर सरत राहणं. त्यात घर नाही, बायको नाही, जग नाही, दुःखसुद्धा नाही. ते सगळं नंतर लोकांनी चिकटवलं. आम्ही मूळ अर्थाने राहतो."

मी म्हणालो, "आपल्या खात्यातली फाईलसुद्धा सरत राहते. तिलाही कुणाची तरी सही लागते."

तू हसलास. रस्सा मागवलास. विषय तिथेच राहिला. तो आपला शेवटचा शनिवार होता हे रश्श्याला माहीत नव्हतं आणि मलाही.

तू सकाळी दुधाचं पातेलं घेऊन तुझ्या दारातून निघालास आणि त्यांच्या दारापर्यंत पोचला नाहीस. टीचरना आधी पातेल्याचा आवाज आला. त्यांनी मला फोन केला तेव्हा त्या हिंदी विसरल्या होत्या, मल्याळममध्येच बोलत होत्या. मला एक शब्दही कळला नाही आणि सगळं कळलं. मी पोचलो तेव्हा जिन्यावर दूध वाळून पांढरं झालं होतं. कुणीतरी त्यावर वर्तमानपत्र टाकलं होतं.

त्यानंतरचं तुला सांगायलाच हवं, कारण हे सगळं तुझ्यामुळे झालं.

अरविंद आणि त्याची बायको तुझ्या फ्लॅटमध्ये उतरले. सुतकाचं घर, चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी जेवण आणायचं, ही आपली रीत. आणि शेजारी कोण? टीचर. सकाळ-संध्याकाळ त्यांच्याकडे कुकरच्या शिट्ट्या. त्या डबे भरायच्या, जिना ओलांडायच्या, तुझ्या भावाला वाढायच्या. "थोड़ा और लीजिए, आप सफ़र से आए हैं." मीही तिथे जेवलो, बरं का. दोनदा भात घेतला. माझ्या डोक्यात काही आलं नाही. आलं ते मंगलच्या.

घरी येताना गाडीत ती म्हणाली, "अहो, सुतक कोणाला आहे?"

"म्हणजे?"

"ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरी चूल पेटत नाही ना? मग त्या बाईच्या घरी का पेटतेय? तिच्यासाठी कोणी काय आणलं?"

दुसऱ्या दिवशी मंगल पिठलं-भात घेऊन थेट समोरच्या दारात गेली. म्हणाली, "आज आप कुछ नहीं बनाएँगी." टीचरनी डब्याचं झाकण उघडलं, वाफ चेहऱ्यावर घेतली आणि तशाच बसून राहिल्या. डबा हातातून सोडेनात. त्या रडल्या ते तेव्हा. स्मशानात नाही. मंगल सांगत होती, "मी फक्त पाठीवर हात ठेवला. पिठल्यात मीठ जास्त पडलं होतं, तेही सांगायचं राहिलं."

तेव्हा मी ठरवलं की अरविंदला सांगायचं. पण कसं? भावाच्या दुःखात बुडालेल्या माणसाला बाजूला घेऊन, 'तुमच्या दादाची एक बाई होती' असं सांगायचं? आपण मराठी माणसं शेजाऱ्याच्या पंख्याचा आवाज होतो हेसुद्धा तिसऱ्यामार्फत कळवतो. मग मला युक्ती सुचली. हस, तुला हसू येणारच.

दहाव्याचं यमुनेकाठी करायचं ठरलं होतं. पिंड ठेवतात, कावळा शिवायची वाट बघतात. कावळा आला नाही की गेलेल्या माणसाचं काहीतरी राहिलंय असं समजायचं, आणि एकेकाने पुढे होऊन आश्वासन द्यायचं: मुलीचं बघू, घराचं बघू, तू निर्धास्त जा. मी मंगलला म्हणालो, "दिल्लीत कावळे राहिलेत कुठे? तो काही येत नाही. सगळ्यांचं बोलून झालं की मी पुढे होणार आणि मोठ्याने म्हणणार, 'श्रीपाद, अन्नम्मा टीचर तुझ्या घरच्या होत्या, आम्ही त्यांना घरच्यासारखंच मानू.' कावळ्याच्या तोंडावर कोण नाही म्हणेल?"

"आणि आला तर?"

"अगं, येत नाही."

टीचरना मी आमच्या गाडीतून नेलं. त्या म्हणाल्या, मी काठावर येत नाही, गाडीतच बसते. उन्हं तापायला लागली होती. पाणी काळं होतं, वर फेस. गुरुजींनी पिंड मांडले, कंबर सरळ करायला हात टेकला, आणि तेवढ्यात, श्रीपाद, झाडावरून एक कावळा सरळ खाली उतरला आणि भात घेऊन उडाला. मी वाक्य जुळवायलासुद्धा सुरुवात केली नव्हती.

अरविंदने हात जोडले. रडता रडता म्हणाला, "दादा सुटला. त्याचं काही राहिलं नव्हतं." गुरुजी म्हणाले, "भाग्यवान माणूस." जमलेल्या सगळ्यांनी मान डोलावली. आणि मी तोंड अर्धवट उघडं ठेवून उभा. बाजूचा माणूस मला म्हणाला, "धीर धरा."

गाडीशी गेलो. टीचरनी काच खाली केली. "कौआ आया?"

"आया."

"जल्दी?"

मला खोटं बोलायचं होतं. इतर वेळी येतं, तेव्हा आलं नाही. "तुरंत."

त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "मतलब उनको कुछ बोलना नहीं था."

त्यांचा कावळ्यावर विश्वास नाही. माझाही नाही. पण माझ्या हातून ते बोलण्याचं निमित्त गेलं होतं. आणि निमित्ताशिवाय बोलायची सवय तुला नव्हती तशी मलाही नव्हती. तरी मी उलटा फिरलो, ओल्या वाळूत बूट रुतवत अरविंदपाशी गेलो आणि सरळ म्हणालो, "अरविंदराव, अन्नम्मा टीचर शेजारी नाहीत. त्या तुमच्या दादाच्या... दादाचं सगळं त्यांच्याकडेच होतं. इतकी वर्षं."

अरविंद पाय धुवत होता. वर न बघता म्हणाला, "माहीत आहे, बाळासाहेब."

"माहीत आहे?"

"दादा घरी आला की त्याच्या कपड्यांना खोबरेलाच्या फोडणीचा वास यायचा. आई बॅग उघडायची आणि म्हणायची, हा वास आपल्या घरचा नाही, पण चांगल्या घरचा आहे." त्याने दुसऱ्या पायावर पाणी घेतलं. "फोनवर मागून भांड्यांचा आवाज यायचा. बाईमाणसाचा आवाज यायचा. आई म्हणायची, त्याने सांगितल्याशिवाय आपण विचारायचं नाही, त्याला लाज वाटेल. शेवटपर्यंत वाट बघत होती ती, हा कधी सांगतो म्हणून. तिचं सोवळं कडक, पण तिने मनातल्या मनात कधीच घरात घेतलं होतं त्यांना."

मग तोच मला विचारायला लागला, "त्याने का नाही सांगितलं? आम्ही एवढे वाईट होतो का हो?"

काय सांगू मी त्याला? की तू योग्य शब्द शोधत होतास? तिकडे आई वाट बघत गेली, इकडे टीचर वाट बघत म्हाताऱ्या झाल्या, आणि मध्ये तू धातू सांगत मिसळ खात होतास. तू घाबरत होतास, श्रीपाद. एवढंच होतं. घाबरट माणूस दार बंद करून बसतो, तू शब्दकोश उघडून बसलास. आणि ज्यांना घाबरलास ते पलीकडे ताट वाढून बसले होते.

अरविंद गाडीपाशी आला. काचेशी वाकला आणि म्हणाला, "वहिनी, अस्थी घेऊन आम्ही नाशिकला जातोय. तुम्ही पण चला."

'वहिनी' म्हणजे काय हे टीचरना माहीत होतं. मंगलला तू नेहमी तीच हाक मारायचास. त्यांनी अरविंदच्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, "भैया, जिसको बुलवाना था, उसने नहीं बुलवाया. अब वहाँ जाके सबको रोते-रोते बताऊँ कि मैं कौन हूँ? आप ले जाइए उनको. अच्छे से ले जाइए." तो पुष्कळ बोलला. त्या ऐकत राहिल्या, मान हलवत राहिल्या, आणि गेल्या नाहीत.

तर असं झालं. आता तुझा फ्लॅट बंद आहे. मंगल एक दिवसाआड फरीदाबादला जाते. टीचर पूर्वी कधी बोलत नव्हत्या इतकं बोलतात म्हणते, आणि मग मध्येच थांबतात, कारण मराठी-मल्याळमची जी सरमिसळ फक्त तुला कळायची ती मंगलला कळत नाही. माझ्या मागे लागलीय, तुम्ही मल्याळम शिका. माझं हिंदी कसं आहे ते तुला ठाऊकच आहे. तरी शिकतोय. काल त्यांना म्हणालो, आपसे संसारम् करने आया हूँ. त्यांनी व्याकरण दुरुस्त केलं. हसल्या मात्र नाहीत.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहून द्या, असा संपादकांचा फोन आला. म्हणाले, आठवणी किती का असेनात, पण शेवटी 'त्यांच्या पश्चात बंधू, भावजय, पुतणी असा परिवार आहे' ही ओळ टाका, ती लागतेच. मी हा सगळा कागद घेऊन टीचरकडे गेलो आणि हिंदीत वाचून दाखवला. तुझा भित्रेपणा आला तिथे जरा आवाज खाली केला. त्या म्हणाल्या, "ज़ोर से पढ़िए." शेवटच्या ओळीशी थांबून मी विचारलं, "आपका नाम लिखूँ?"

"लिखिए."

"पत्नी लिखूँ?"

"झूठ होगा."

"फिर? पड़ोसी तो नहीं लिखूँगा मैं."

त्यांनी उठून खिडकी उघडली. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, रेडिओ चालू होता. मग म्हणाल्या, "कुछ मत लिखिए. नाम के आगे कुछ नहीं. जो पढ़ेगा, वह पूछेगा. तब आप बताना. आप तो बताते रहते हैं सबको."

तेव्हा संपादकांनी कृपया यात हात घालू नये. श्रीपादच्या पश्चात बंधू अरविंद, भावजय, पुतणी आणि अन्नम्मा टीचर आहेत. कोण त्या, असं ज्याला विचारायचं असेल त्याने मला विचारावं. मी घरीच असतो.